वेश्यांच्या हक्कांची चळवळ आणि स्वतंत्र नियतकालिके

हजिऱ्याच्या रस्त्यावरील इच्छापोर असो, सुरतेतील उधना असो, की मुंबईतील गिरगाव असो. मराठी दैनिकाच्या वर्गणीदारास वेश्याव्यवसाय हा विषय बहुधा एकाच स्वरूपात भेटतो. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी असते. अमुक ठिकाणी पोलिसांनी छापा घातला, इतक्या स्त्रियांची सुटका झाली, इतक्या इसमांस अटक झाली. बातमीत अधिकाऱ्याचे नाव असते आणि पुष्कळदा पथकातील शिपायांचीही नावे असतात. ज्यांची सुटका झाली त्या स्त्रिया काय म्हणाल्या, ही सुटका त्यांना हवी होती की नको होती, त्यांची मुले त्या रात्री कोणापाशी राहिली, हे मात्र क्वचितच छापले जाते. बातमीदार हा कोणी दुष्ट मनुष्य असतो असे नव्हे. त्याला बातमी मिळते ती पोलीस ठाण्यातून, आणि जेथून बातमी मिळते तेथल्या माणसांचाच आवाज तिच्यात उतरतो.

तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, ज्यांच्याविषयी सर्व जण लिहितात त्यांनी स्वतः काही सांगावयाचे ठरविले, तर त्यांनी ते कोठे छापावे? ह्या प्रश्नाचे एक उत्तर जगात अनेक ठिकाणी मिळाले आहे आणि ते म्हणजे स्वतंत्र नियतकालिक. मराठी वाचकाला हे उत्तर परके वाटू नये, कारण त्याचा बराचसा इतिहास मराठीतच घडलेला आहे.

स्वतंत्र नियतकालिक म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मोठे वृत्तपत्र वाचकाने दिलेल्या किमतीवर चालत नाही, ते मुख्यतः जाहिरातींवर चालते. लहान मासिकाला जाहिराती मिळत नाहीत, मिळाल्या तरी त्या देणाऱ्याच्या अटी असतात. कागद, छपाई, बांधणी आणि टपाल हा खर्च दर महिन्याला हटकून येतो. वर्गणी मात्र वर्षातून एकदाच येते आणि तीही सर्वांची येत नाही. व्ही.पी. परत आली की जाण्याचा व येण्याचा असा दुहेरी भुर्दंड संपादकाच्या माथी बसतो. ही तूट जो भरून काढतो, तो मासिकाचा खरा मालक होय, मग मुखपृष्ठावर नाव कोणाचेही असो. म्हणून एखादे नियतकालिक स्वतंत्र आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर त्यातील लेखांचा आवेश पाहून उपयोग नाही. तूट कोण भरतो आणि ती भरताना तो काय मागतो, हे पाहावे लागते.

ह्या कसोटीवर उतरणारे पहिले मराठी उदाहरण म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे ‘समाजस्वास्थ्य’. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव, १८८२ साली जन्मलेले. व्यवसाय गणिताच्या अध्यापनाचा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स ह्यांचे केंद्र निघाले तेही त्याच साली, म्हणजे ह्या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. पुढे ख्रिस्ती मिशनच्या विल्सन महाविद्यालयातील नोकरी ह्याच मतांपायी १९२५ साली सुटली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. सव्वीस वर्षे! मराठीत पुष्कळ मोठ्या नावाच्या मासिकांनाही एवढे आयुष्य लाभलेले नाही.

ही तूट कोणी भरली? कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई ह्यांनी आपल्या मिळकतीवर संसार चालविला, आणि कर्व्यांनी स्वतःची गरज कमीत कमी केली. मासिकाला कोणी संस्थानिक पाठीराखा नव्हता, कोणा पक्षाचा आधार नव्हता. ह्याचा परिणाम मजकुरावर स्पष्ट दिसतो. लैंगिक रोग, संततिनियमन, विवाहबाह्य संबंध, नग्नता ह्यांविषयी कर्वे ज्या सरळ, काहीशा रुक्ष भाषेत लिहीत, ती भाषा वर्गणीदार टिकविण्याची चिंता करणाऱ्या संपादकाला परवडली नसती. वेश्याव्यवसायाचा विचारही त्यांनी पापपुण्याच्या तराजूत केला नाही. आरोग्य, अज्ञान आणि स्त्रीचे आर्थिक परावलंबन ह्या अंगांनी केला. ‘वेश्याव्यवसाय’ ह्याच नावाचे त्यांचे स्वतंत्र पुस्तकही आहे. ज्या काळी सुशिक्षित घरात हा शब्द उच्चारणेसुद्धा असभ्य मानले जाई, त्या काळी तो पुस्तकाच्या कव्हरावर छापणे हेच एक कृत्य होते.

किंमतही चुकवावी लागली. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ ह्या लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला, आणि तो अधिक मार्मिक आहे. ह्या वेळी आक्षेप लेखाला नव्हता. वाचक आपल्या खाजगी अडचणी पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना अंकातून उत्तरे देत. त्या उत्तरांना आक्षेप होता. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असल्यावर वाचकाने त्याविषयी विचारू नये व संपादकाने उत्तर देऊ नये, असे कसे म्हणता येईल, असा त्यांचा मुद्दा होता. विचारणाऱ्याची वृत्ती कोणास विकृत वाटली तरी त्यावर उपाय ज्ञान हाच आहे, असेही त्यांनी प्रतिपादले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. दोनशे रुपये ही त्या काळी शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची रक्कम होती, हे येथे सांगितले पाहिजे.

आंबेडकरांनी हे वकीलपत्र का घेतले असावे? १९२० साली ‘मूकनायक’ काढताना त्यांनी हेच ओळखले होते की, दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला मिळणारी जागा ही दुसऱ्याच्या मर्जीची जागा असते. तेव्हा कर्व्यांच्या मताशी ते किती सहमत होते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एका लहान मासिकाच्या बोलण्याच्या हक्कासाठी ते उभे राहिले ह्यात आश्चर्य नाही.

तथापि ‘समाजस्वास्थ्य’ हे वेश्यांचे मासिक नव्हते. संपादक प्राध्यापक, वर्गणीदार पांढरपेशे. ते ह्या स्त्रियांविषयी न्यायबुद्धीने बोलत होते एवढेच. ज्या स्त्रियांना समाजाने ह्याच नजरेने पाहिले त्यांच्याच घरांतून निघालेले मासिक पाहावयाचे असेल, तर गोमंतकाकडे वळावे लागते.

पोर्तुगीज अमलातील गोव्यात देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंत, भाविणी, देवळी अशा समाजांतील स्त्रियांना विवाहाचा अधिकार नव्हता. गाणे व देवळातील सेवा हे त्यांचे काम, आणि कोणा यजमानाच्या आधाराने राहणे हे त्यांचे जिणे. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या समाजांतील शिकलेल्या तरुणांनी एकत्र येऊन स्वतःला ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव दिले. नाव स्वतः घेणे ही पहिली पायरी होती. पुढची पायरी म्हणजे १९२९ साली मुंबईत निघालेले ‘समाज सुधारक’ हे मासिक. त्यात सभासदांच्या घरच्या वार्ता असत, मुलामुलींच्या शिक्षणाविषयीचे लेख असत, कथा असत, आणि संस्थेचे हिशेबही छापले जात. हिशेब छापणे ही बाब वाचकाला कंटाळवाणी वाटेल. पण ज्यांच्या घरातील पैसा समाजाने नेहमी संशयाने पाहिला, त्यांनी आपला पैसा कोठून आला व कोठे गेला हे दर अंकात उघड मांडावे, ह्यात केवढा ताठपणा आहे! हे मासिक अनेक दशके चालले. ह्या समाजातील राजाराम पैंगीणकर ह्यांनी पुढे १९६९ साली ‘मी कोण?’ ह्या नावाने आत्मचरित्र लिहिले, त्या नावातच ह्या साऱ्या खटाटोपाचे मूळ आहे.

‘समाज सुधारक’चा मार्ग मात्र बाहेर पडण्याचा होता. शिक्षण घ्या, विवाह करा, जुना व्यवहार सोडा, हे त्याचे सांगणे. आंबेडकरांचे सांगणेही ह्याच दिशेचे होते. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रिया ह्यांच्यापुढे बोलताना त्यांनी त्यांना हा व्यवसाय सोडून देण्याचे स्पष्ट आवाहन केले. ते भाषण कठोर होते. पण ते त्या स्त्रियांच्या तोंडावर केलेले होते, त्यांच्या पाठीमागे नव्हे, हा फरक लहान नाही.

येथपर्यंतचा इतिहास सुधारणेचा आहे. हक्कांची म्हणून जी चळवळ आज ओळखली जाते तिचा सूर निराळा आहे. व्यवसाय सोडावयाचा की नाही हे आम्ही ठरवू. तोपर्यंत मारहाण, लूट, बेघर होणे, मुलांची ताटातूट ह्यांपासून इतर नागरिकांना मिळते तेच संरक्षण आम्हांला द्या, असे ती म्हणते. तिची गरज समजण्यासाठी कायदा पाहणे आवश्यक आहे.

भारतात ह्या विषयाचा मुख्य कायदा १९५६ सालचा आहे. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा असे झाले. पुष्कळांची समजूत अशी असते की ह्या कायद्याने वेश्याव्यवसाय हाच गुन्हा ठरविला आहे. तसे नाही. सज्ञान स्त्रीने खाजगी जागेत, स्वेच्छेने हा व्यवहार करणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालविणे, दलाली करणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे आणि दुसरीच्या कमाईवर जगणे हा. कागदावर हे योग्य दिसते. पण कुंटणखान्याच्या व्याख्येत दोन स्त्रियांनी परस्परांच्या लाभासाठी वापरलेली खोलीही येते, म्हणजे एकटीला भीती वाटते म्हणून दुसरीला सोबत घेतली तर दोघीही गुन्ह्याच्या कक्षेत येतात. कमाईवर जगणाऱ्यांत दलाल जसा येतो, तशी म्हातारी आई व अठरा वर्षे पूर्ण झालेला शिकणारा मुलगाही ओढला जाऊ शकतो. अशा रीतीने व्यवसाय गुन्हा नाही, पण त्याच्या अवतीभवती उभे राहावयाला जागा नाही, अशी स्थिती झाली.

सरकारचे लक्ष ह्या वस्त्यांकडे जाते ते बहुधा रोगाच्या भीतीने. १८६८ साली इंग्रज सरकारने भारतात संसर्गजन्य रोगांचा कायदा केला तो गोऱ्या सैनिकांची प्रकृती राखण्यासाठी. त्याखाली स्त्रियांची सक्तीने नोंदणी व तपासणी होई आणि सैनिक मात्र मोकळे असत. विरोध वाढून १८८८ साली तो रद्द झाला. बरोबर शंभर वर्षांच्या आगेमागे, १९८६ मध्ये, भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण चेन्नई येथे आढळले आणि पुन्हा सर्वांच्या नजरा ह्याच गल्ल्यांकडे वळल्या. ह्या वेळी मात्र गल्ल्या गप्प राहिल्या नाहीत.

१९९२ साली सांगलीत ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, संक्षेपाने ‘संग्राम’, ही संस्था मीना सेषू ह्यांच्या पुढाकाराने काम करू लागली. सांगली-मिरजेच्या वस्त्यांत उत्तर कर्नाटकातील देवदासी परंपरेतून आलेल्या पुष्कळ स्त्रिया राहतात. कानडी व मराठी दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी असतात. निरोध वाटण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांकडून न करविता वस्तीतील स्त्रियांकडेच सोपविले गेले. वाटणाऱ्या स्त्रिया हळूहळू इतर गोष्टींचाही जाब विचारू लागल्या: रुग्णालयात आपल्याला बाकावर का बसू देत नाहीत, ठाण्यात तक्रार का लिहून घेत नाहीत, शाळेत मुलाच्या बापाचे नाव का मागतात. १९९६ साली त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली आणि तिचे नाव ठेवले ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’.

ह्या नावाकडे थोडे लक्ष द्यावे. मराठीत ह्या स्त्रियांसाठी शब्दांची वाण नाही: गणिका, नायकीण, कलावंतीण, जोगतीण, मुरळी आणि शिवी म्हणून वापरले जाणारे कितीतरी. सुशिक्षित कार्यकर्त्यांनी ‘देहविक्रय करणारी’ हा शब्द रूढ केला. त्यातही देह विकला जातो ही कल्पना आहेच, आणि ती त्या स्त्रियांना मान्य नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅरोल ली ह्या कार्यकर्तीने ‘सेक्स वर्कर’ हा शब्द प्रचारात आणला, तो काम ह्या अंगावर भर देण्यासाठी. सांगलीच्या स्त्रिया आपसांत सरळ ‘धंदा’ म्हणतात. संघटनेला नाव देताना मात्र त्यांनी सर्वांत जुना व सर्वांत बदनाम शब्द उचलला आणि त्याच्यापुढे ‘अन्याय’ व ‘मुक्ती’ हे शब्द जोडले. नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ‘व्हॅम्प’ हा शब्द होतो. मोहात पाडणारी स्त्री असा त्याचा इंग्रजीत अर्थ. हा योगायोग त्यांनी हसत स्वीकारला.

ज्यांच्यापैकी पुष्कळींना वाचता येत नाही त्यांना नियतकालिकाचा काय उपयोग, अशी शंका येथे कोणी काढील. ती रास्त आहे. सांगलीच्या स्त्रियांनी तिचे उत्तर नाटकाने दिले. सुषमा देशपांडे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी स्वतःच्या अनुभवांतून उभे केलेले नाटक स्वतःच रंगभूमीवर आणले. त्यात आई आहे, घरवाली आहे, तिचा ‘मालक’ आहे आणि त्या मालकाची लग्नाची बायकोही आहे. वर्तमानपत्रातील बातमीत ह्यांपैकी कोणालाच नाते नसते. येथे प्रत्येकाला आहे.

दुसरे उत्तर बिहारमध्ये मिळाले. मुझफ्फरपूर शहरात चतुर्भुज स्थान नावाची जुनी वस्ती आहे. तेथेच वाढलेल्या नसीमा खातून ह्यांनी ‘जुगनू’ नावाचे हस्तलिखित मासिक सुरू केले. वस्तीतील मुलेमुली मजकूर जमवीत, चित्रे काढीत, सुवाच्य अक्षरांत पाने लिहीत. मग त्यांच्या झेरॉक्स प्रती काढल्या जात. छापखाना नाही, खिळे जुळविणारा नाही, मुद्रितशोधक नाही. ज्या घरांत आईला वाचता येत नाही तेथे मुलगी अंक वाचून दाखवी. मध्यंतरी खंड पडूनही ‘जुगनू’ पुन्हा निघाले. २०२२ साली नसीमा खातून ह्यांची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सल्लागार गटावर नेमणूक झाली.

परदेशांतही वाट अशीच लहान कागदांवरून गेलेली आहे. २ जून १९७५ रोजी फ्रान्समधील लिआँ शहरात सुमारे शंभर स्त्रियांनी पोलिसांच्या दंडांना व तुरुंगवासाला कंटाळून सेंट निझिए ह्या चर्चमध्ये ठाण मांडले. तेथील धर्मगुरूंनी त्यांना बाहेर काढले नाही. आमच्या मुलांना आपल्या आया तुरुंगात नको आहेत, अशा आशयाचा फलक त्यांनी चर्चवर लावला व पत्रके वाटली. आठवड्याभराने पोलिसांनी त्यांना हुसकले. पण २ जून हा दिवस पुढे ह्या चळवळीचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. त्याआधी १९७४ पासून सॅन फ्रान्सिस्को येथे ‘कोयोटी’ ही संघटना आपले वार्तापत्र काढीत होती. न्यूयॉर्कमध्ये २००५ ते २०११ ह्या काळात ‘स्प्रेड’ नावाचे मासिकवजा नियतकालिक निघाले. लिहिणाऱ्या बहुतेक सर्व जणी-जण ह्याच व्यवसायातील, आणि संपादक बिनपगारी. सहा वर्षांत बिनपगारी हात थकले आणि ते बंद पडले. कर्व्यांनी हेच काम सव्वीस वर्षे केले, हे लक्षात घेतले म्हणजे मालतीबाईंच्या मिळकतीचे मोल कळते.

कलकत्त्याचा अनुभव थोडा वेगळा आहे. सोनागाछीतील स्त्रियांनी १९९५ साली ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ स्थापन केली आणि त्याच साली आपली सहकारी पतसंस्थाही काढली. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांच्या पहिल्या राष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. आधी स्वतःची पेढी, मग स्वतःचा जाहीरनामा, हा क्रम विचार करण्यासारखा आहे.

कारण पैशाचा प्रश्न अखेर समोर येतोच. २००३ साली अमेरिकेने एड्सविरोधी कार्यासाठी मोठा निधी देणारा कायदा केला, त्यात अट घातली की मदत घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे धोरण लेखी जाहीर करावे. सांगलीपुढे प्रश्न उभा राहिला. पैसे घ्यावेत तर ज्या स्त्रियांबरोबर काम करावयाचे त्यांच्याच विरुद्ध कागदावर सही करावी लागणार. न घ्यावेत तर कार्यकर्त्यांचे मानधन व औषधांचा खर्च कोठून भागवावा? २००५ साली ‘संग्राम’ने सही करण्याचे नाकारून त्या निधीवर पाणी सोडले. त्याच वर्षी मे महिन्यात सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत एका परदेशी संस्थेच्या सहभागाने पोलिसांचा छापा पडला. सज्ञान स्त्रियांनाही उचलून नेल्याची तक्रार परिषदेने केली. ‘वाचविणाऱ्यांपासून आम्हांला वाचवा’ ही घोषणा ह्याच अनुभवांतून आलेली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही असा निर्णय दिला. म्हणजे बोलण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्याच्या गावचे, घेणाऱ्याच्या गावचे नव्हे!

ह्या चळवळीला गंभीर विरोधक आहेत आणि त्यांची उपेक्षा करणे योग्य होणार नाही. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेने तेथील मुलांसाठी रात्रीचे निवारागृह चालविले, त्यामागे वस्तीतील बालपण जवळून पाहिलेल्यांचा अनुभव होता. फसवून, विकून आणलेल्या मुली ही कल्पित गोष्ट नाही. ‘अपने आप’ ह्या संस्थेने तर वस्त्यांतील स्त्रियांचे अनुभव छापणारे स्वतःचे पत्र काढले आणि त्याची भूमिका नेमकी उलट आहे: हा व्यवसाय म्हणजेच अत्याचार, म्हणून तो संपला पाहिजे. अल्पवयीन मुलींच्या बाबतीत दोन्ही पक्षांत मतभेदाला जागाच नाही, आणि नसावी. मतभेद आहे तो सज्ञान स्त्रीचे ‘होय’ खरे मानावे की नाही ह्याविषयी. ‘संग्राम’ने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील छाप्यांत सापडलेल्या २४३ स्त्रियांना विचारण्यात आले, तेव्हा त्यांतील बहुतेकींनी आपण स्वेच्छेने ह्या व्यवसायात असल्याचे सांगितले. दारिद्र्यात स्वेच्छा कितपत खरी, असा प्रतिप्रश्न करता येईल. पण तोच प्रश्न ऊसतोडणी करणारीला किंवा मैला साफ करणाऱ्याला विचारून आपण त्यांना कोंडून ठेवीत नाही.

न्यायालयांची दृष्टी अलीकडे बदललेली दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांची मुक्तता केली व सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे असे म्हटले. त्याच महिन्यात, टाळेबंदीने उपासमार ओढवली असता, सर्वोच्च न्यायालयाने ह्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा देण्याचा आदेश राज्यांना दिला. १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अधिक व्यापक आहे. १९९९ साली कलकत्त्यात झालेल्या एका स्त्रीच्या खुनाच्या खटल्यातून तो निघाला. पोलिसांनी ह्या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, केवळ आई ह्या व्यवसायात आहे म्हणून मुलाला तिच्यापासून तोडू नये, निरोध सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, अशी कलमे त्यात आहेत. राहत्या जागेचा दाखला न मागता त्यांना आधार कार्ड देण्याची सोयही त्याच आदेशाने झाली.

त्यातले एक कलम वृत्तपत्रांसाठी आहे. अटक, छापा किंवा सुटका ह्यांच्या वेळी, स्त्री आरोपी असो वा पीडित असो, तिची ओळख उघड होईल असे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करू नये, असे न्यायालयाने सांगितले. त्यामुळे बातमीतून नाव गेले. पण नाव गाळणे आणि म्हणणे गाळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला न्यायालयाचा कोणताही आदेश लागत नाही. बातमीदाराने ठाण्याबाहेर दहा मिनिटे थांबून विचारले तरी पुरते.

स्वतःचे नियतकालिक काढू पाहणाऱ्या स्त्रियांची अडचण ह्याच्या अगदी उलट टोकाची आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यापासून चालत आलेला नियम असा की, प्रत्येक अंकावर मुद्रक व प्रकाशक ह्यांचे नाव आणि ठिकाण छापलेच पाहिजे. २०२३ साली नवा कायदा झाला तरी प्रकाशकाची नोंदणी चुकत नाही. नोंदणी केल्याशिवाय टपालाची सवलत मिळत नाही, आणि सवलतीशिवाय अंक पाठविणे परवडत नाही. जिला गावी कोणी ओळखू नये म्हणून शहरात नाव बदलून राहावे लागते, जिचे भाड्याचे घर एका छाप्यासरशी जाऊ शकते, तिने अंकाच्या शेवटच्या पानावर कोणते नाव आणि कोणता पत्ता छापावा? मुझफ्फरपूरच्या मुलांनी छापखाना टाळून हाताने लिहिले. सांगलीच्या स्त्रियांनी वैयक्तिक नावाऐवजी परिषदेचे नाव पुढे केले. गोमंतक मराठा समाजाने १९२९ मध्ये हेच केले होते: एकेका घराचे नाव न घेता साऱ्या समाजाने मिळून एक नाव घेतले, आणि मासिकाच्या पानावर ते छापले.